भंडारा रोड : स्टेशनच्या नावात ‘रोड’ का आहे आणि अपडाऊनवाल्यांचा खरा प्रश्न काय?

नागपूरहून गोंदियाकडे जाणाऱ्या गाडीत पहिल्यांदाच बसलेला माणूस भंडारा रोडला उतरतो आणि बाहेर येऊन विचारतो, “भंडारा कुठंय?” ऑटोवाला हसतो. कारण भंडारा अजून सुमारे 10 किलोमीटर लांब आहे. तुम्ही उतरलात ते गाव आहे वरठी, आणि तालुका भंडारा नाही, मोहाडी.

सध्या देशभरात अमृत भारत योजनेतून स्टेशनं चकाचक होत आहेत. भंडारा रोडचं नावही त्या यादीत आहे. रील्स येतात, फोटो येतात, खाली कमेंट्स पडतात. पण रोज नागपूरला अपडाऊन करणाऱ्या माणसाचा प्रश्न स्टेशनच्या दर्शनी भिंतीचा आहे का? तो समजून घ्यायला थोडं मागे, 1880 पर्यंत जावं लागेल.

‘रोड’ म्हणजे नेमकं काय?

रेल्वेच्या जुन्या पद्धतीत एखाद्या मोठ्या गावाजवळून लाईन जायची, पण गावात शिरायची नाही. मग जवळच्या स्टेशनला त्या मोठ्या गावाचं नाव देऊन पुढे ‘रोड’ जोडलं जायचं. अर्थ सरळ होता: इथं उतरा आणि रस्त्यानं पुढे जा. नाशिक रोड हे त्याचं महाराष्ट्रातलं सगळ्यात ओळखीचं उदाहरण.

भंडारा जिल्ह्याची गंमत अशी की इथं असे तीन ‘रोड’ आहेत. वरठीचं भंडारा रोड, देव्हाडीचं तुमसर रोड आणि नागपूर–नागभीड लाईनवरचं पवनी रोड. म्हणजे जिल्ह्यातल्या तीन महत्त्वाच्या गावांची नावं रेल्वेच्या पाट्यांवर आली, पण त्या पाट्या गावाबाहेर लागल्या.

लाईन आली कुणासाठी?

मुंबईहून निघालेली जीआयपी रेल्वे 1867 मध्ये नागपूरला पोहोचली. त्यापुढे छत्तीसगड होतं, भाताचं कोठार. तिथलं धान्य बाहेर काढायला रेल्वे हवी होती. म्हणून नागपूर–छत्तीसगड रेल्वे ही मीटरगेज लाईन टाकली गेली. 1880 ते 1882 या काळात ती टप्प्याटप्प्यानं राजनांदगावपर्यंत सुरू झाली.

1887 मध्ये बंगाल नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली. तिनं ही लाईन ताब्यात घेतली, ब्रॉडगेज केली आणि 1891 पर्यंत नागपूर थेट आसनसोलला जोडलं. पुढे हाच मार्ग मुंबई–हावडा मुख्य मार्गाचा भाग झाला. आधी धान्यासाठी आलेल्या लाईनवर नंतर कोळसा आणि लोहखनिजही धावू लागलं.

इथं एक गोष्ट लक्षात घ्या. ही लाईन भंडाऱ्याच्या माणसाला नागपूरच्या ऑफिसात वेळेवर पोहोचवायला टाकलेलीच नव्हती. भंडारा शहर होतं नागपूर–रायपूर रस्त्यावर, आजच्या राष्ट्रीय महामार्ग 53 वर. लाईन मात्र उत्तरेकडून वरठी, कोका, देव्हाडी अशी गेली आणि माडगीजवळ वैनगंगा ओलांडून तिरोड्याकडे निघाली.

तुमसरचं उदाहरण तर बोलकं आहे. तुमसर रोडवरून तिरोडीकडे जो फाटा निघतो, त्यावर तुमसर टाऊन हे वेगळं स्टेशन आहे. म्हणजे इथं रेल्वे शहरापर्यंत आली. पण आली कशासाठी? हा फाटा डोंगरी बुजुर्ग, चिखला या मँगनीज खाणींच्या पट्ट्यात जातो. या खाणी आज मॉइल या सरकारी कंपनीकडे आहेत. माल होता म्हणून रूळ गावात आले, प्रवासी त्यांच्या मागून आले.

आज या स्टेशनवर कोण उभं असतं?

नागपूर ते भंडारा रोड हे अंतर रेल्वेनं 60 किलोमीटरच्या थोडं वर आहे. मधे कामठी, कन्हान, तारसा, खात अशी स्टेशनं. सकाळच्या गाडीला गर्दी असते ती नोकरदारांची, कॉलेजच्या पोरांची, नागपूरच्या दवाखान्यात निघालेल्या पेशंटची आणि त्यांच्या नातेवाइकांची. वरठीतच सनफ्लॅगचा पोलाद कारखाना आहे, त्यामुळे उलट्या दिशेनं येणारेही आहेत.

जगणं अगदी उपनगरासारखं. पण रेल्वेच्या कागदावर नाही. 2017 पासून रेल्वेनं स्टेशनांचे तीन गट केले आहेत: उपनगरीय, बिगर-उपनगरीय आणि हॉल्ट. भंडारा रोड बिगर-उपनगरीय गटात येतं. उपनगरीय म्हणजे मुख्यतः मुंबई, कोलकाता, चेन्नई.

हा फरक नुसता नावाचा नाही. मुंबईत लोकलचं वेळापत्रक रोजच्या प्रवाशाला मध्यभागी ठेवून बनतं. नागपूर–गोंदिया मार्गावर मेमूला त्याच रुळांवर लांब पल्ल्याच्या एक्स्प्रेस आणि मालगाड्यांच्या मधून वाट काढावी लागते. मागून वेगवान गाडी येत असेल तर मेमू बाजूला उभी राहते. 2022 च्या उन्हाळ्यात वीज केंद्रांना कोळसा पोहोचवण्यासाठी याच दक्षिण पूर्व मध्य रेल्वेनं अनेक प्रवासी गाड्या रद्द केल्या होत्या. आधी कोळसा, मग माणूस हा हिशेब तेव्हा उघड दिसला.

आणखी एक उदाहरण. 11 डिसेंबर 2022 ला नागपूर–बिलासपूर वंदे भारत सुरू झाली. तिला गोंदिया, राजनांदगाव, दुर्ग, रायपूर हे थांबे मिळाले. भंडारा हे जिल्ह्याचं ठिकाण, पण त्याचं स्टेशन त्या यादीत नव्हतं.

मग लोक एसटीनं का जातात?

आता साधा हिशेब करू. भंडारा शहरातला माणूस रेल्वेनं नागपूरला जाणार म्हणजे काय करणार? आधी वरठीपर्यंत दुचाकी किंवा ऑटो. मग गाडी. आणि गाडी इतवारीपर्यंतच असेल तर तिथून पुढे पुन्हा ऑटो. कारण या मार्गावरच्या अनेक मेमू नागपूर मुख्य स्टेशनपर्यंत जात नाहीत. मुख्य स्टेशन मध्य रेल्वेचं, इतवारी दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचं.

त्याउलट एसटी थेट शहरातून निघते. 17 मार्च 2023 पासून महिलांना एसटीत निम्मं तिकीट आहे. 75 वर्षांवरच्या ज्येष्ठांना प्रवास मोफत आहे. रेल्वेनं मात्र ज्येष्ठांची सवलत मार्च 2020 मध्ये थांबवली.

त्याच कोविड काळात पॅसेंजर गाड्या बंद झाल्या. परत आल्या त्या ‘स्पेशल’ होऊन, एक्स्प्रेसचं भाडं घेत. कमीत कमी तिकीट 10 रुपयांवरून 30 रुपये झालं. जुनं भाडं परत आलं ते फेब्रुवारी 2024 मध्ये. जवळपास चार वर्षांत ज्याची सवय तुटली, तो प्रवासी स्टेशनची भिंत रंगवली म्हणून परत येत नाही.

तरीही महिन्याचा पास काढणाऱ्यासाठी रेल्वे आजही स्वस्त आहे. म्हणजे ज्याच्या खिशाला रोजची एसटी परवडत नाही, त्याच्यासाठी ही गाडी हौस नाही, गरज आहे. गाडी उशिरा आली तर त्याचा अर्धा दिवस पगारातून कापला जातो, पोरांची प्रॅक्टिकल बुडतात. या सगळ्या चर्चेत पणाला लागलंय ते हे.

ब्रॉडगेज मेट्रोचं काय झालं?

यावर एक उत्तर जुलै 2018 मध्येच दिलं गेलं होतं. रेल्वे, राज्य सरकार आणि महामेट्रो यांच्यात करार झाला. नागपूरहून वर्धा, नरखेड, रामटेक आणि भंडारा रोड अशा चार दिशांना, आहे त्याच रेल्वेरुळांवर एसी मेट्रो चालवायची. नवीन रूळ नकोत, नवीन खांब नकोत, त्यामुळे खर्च कमी.

कल्पना चांगली होती. पण तिच्यातला अडथळा तिच्यातच होता. आहे त्याच रुळांवर, म्हणजे कोळसा, एक्स्प्रेस आणि मेमू ज्या रुळांसाठी आधीच रांगेत आहेत, त्याच रुळांवर. त्यामुळे या प्रश्नाची खरी किल्ली मेट्रोच्या डब्यात नाही, तिसऱ्या लाईनमध्ये आहे. राजनांदगाव ते नागपूर (कळमना) अशी 228 किलोमीटरची तिसरी लाईन टप्प्याटप्प्यानं होत आहे. ती पूर्ण झाली की रुळांवर जागा मोकळी होईल. ती जागा कुणाला मिळेल, हा खरा प्रश्न आहे.

जास्त मालगाड्यांना मिळाली तर रेल्वेची कमाई वाढेल आणि भंडाऱ्याचा प्रवासी जिथं आहे तिथंच राहील. सकाळ-संध्याकाळच्या दोन-तीन मेमूंना पक्की वेळ मिळाली तर मेट्रो न येताही बरंच काही बदलेल.

मग मागायचं काय?

22 मे 2025 ला देशातल्या 103 अमृत भारत स्टेशनांचं उद्घाटन झालं. आपल्या भागातली आमगाव, इतवारी, चांदा फोर्ट ही स्टेशनं त्यात होती. लिफ्ट, पादचारी पूल, शेड, स्वच्छतागृहं हे सगळं हवंच आहे. म्हाताऱ्या माणसाला जिना चढावा लागू नये, ही छोटी गोष्ट नाही. पण स्टेशन सुधारणं आणि सेवा सुधारणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि उद्घाटनाच्या दिवशी त्या एकच वाटतात.

म्हणून पुढच्या वेळी लोकप्रतिनिधींना टॅग करताना तीन प्रश्न विचारून बघा. ऑफिसच्या वेळेला वेळेवर पोहोचणारी मेमू किती? तिसरी लाईन झाल्यावर त्या मेमूंसाठी वेळ राखून ठेवणार का? आणि गाडी आली की वरठीहून भंडारा बसस्टँडला जाणारी एसटी बाहेर उभी असेल का?

तिसऱ्या प्रश्नाला ना नवीन रूळ लागतात, ना मोठा निधी. रेल्वे आणि एसटी यांनी एकमेकांचं वेळापत्रक बघितलं तरी पुरे. 1880 च्या दशकात लाईन टाकणाऱ्यांनी सांगितलं होतं, इथं उतरा आणि रस्त्यानं जा. तो उरलेला 10 किलोमीटरचा रस्ता आजही प्रवाशानं आपला आपणच पार करायचा आहे.