काठ तरी मोकळा ठेवा

धरणात जमीन गेली, घर गेले, विहीर गेली, देऊळ गेले. राहिला तो काठ. त्या काठावर संध्याकाळी तंगूस आणि गरी घेऊन बसावे, चार चिलापी लागल्या तर कालवणाला घरी न्याव्यात, एवढाही हक्क ज्याची जमीन पाण्याखाली आहे त्याला नाही. पाणी ठेक्याने गेले की मासा ठेकेदाराचा, आणि काठावर बसलेला माणूस चोर. राखणदार येतो, दोरा तोडतो, जास्त बोलले तर पोलिसांची भाषा करतो. सगळ्याच धरणांवर असे होते असे माझे म्हणणे नाही. कुठे ठेका आहे, कुठे संस्था आहे, कुठे राखणदार गावचाच असल्याने तोंड फिरवून बसतो. पण हक्क असणे वेगळे आणि कुणी डोळेझाक केली म्हणून निभावून नेणे वेगळे.

आपल्या बैठकांत धरणाचा विषय निघतो तो पाळीचा, पाणीपट्टीचा, फुटक्या चाऱ्यांचा. माशाचे नाव काढले की लोक हसतात. गळ टाकून बसणे म्हणजे रिकामटेकड्याचा उद्योग, असे आपणच ठरवून टाकले आहे. म्हणून जरा लांबचे उदाहरण देतो, अमेरिकेतले. अमेरिका म्हटले की काहींच्या कपाळाला आठ्या पडतात, त्या पडू द्या. उदाहरण धरणग्रस्त शेतकऱ्यांचेच आहे.

अमेरिकेच्या ईशान्येला मॅसॅच्युसेट्स राज्य आहे. बोस्टन हे तिथले मोठे शहर. शहर वाढले, पाणी पुरेना. पुढे काय झाले असेल ते आपल्याला सांगायला नको. १९२७ साली कायदा झाला आणि स्विफ्ट नदीच्या खोऱ्यातली डेना, एनफिल्ड, ग्रीनिच आणि प्रेस्कॉट ही चार गावे शहराच्या पाण्यासाठी मोडायची ठरली. सुमारे अडीच हजार माणसे उठवली. साडेसात हजारांच्या आसपास थडगी उकरून दुसरीकडे नेली. २७ एप्रिल १९३८ च्या रात्री एनफिल्डच्या नगरभवनात निरोपाचा नाच झाला. बाराचे ठोके पडले आणि सरकारी कागदावरून चारही गावे पुसली गेली. १९३९ मध्ये पाणी अडवायला सुरुवात झाली, १९४६ मध्ये तलाव पूर्ण भरला. त्याचे नाव क्वाबिन. साठा ४१२ अब्ज गॅलन, म्हणजे आपल्या हिशेबाने ५५ टीएमसी. उजनीच्या निम्म्याहून कमी.

शहरासाठी खेडे बुडाले ते तिथेही बुडालेच. त्याचे कौतुक करायला मी बसलेलो नाही. पण पुढचे बघा. या तलावाचे पाणी बोस्टन आणि आजूबाजूची पंचवीस-तीस लाख माणसे पितात, आणि ते पाणी गाळून दिले जात नाही. ओझोनची आणि अतिनील किरणांची प्रक्रिया होते, पण आपल्या नगरपालिकेच्या टाकीजवळ असतात तशा वाळूच्या गाळण्या तिथे नाहीत. मूळ पाणीच स्वच्छ राखायचे, हे धोरण. म्हणून तलावात पोहायला बंदी, कुत्रे नेायला बंदी, हिवाळ्यात बर्फाला भोक पाडून मासे धरायला बंदी. इतका कडक कारभार असलेल्या तलावाच्या काठावर गळ टाकायला मात्र परवानगी. भिंतीजवळचा आणि आणखी काही राखीव भाग सोडला तर नंबर घातलेल्या फाटकांतून पायी आत जावे आणि काठ धरावा.

क्वाबिनचे पाणी बोगद्याने वॉचूसेट नावाच्या जुन्या तलावात येते. तो १९०८ साली भरला. त्यात वेस्ट बॉयल्स्टन गावाचा मोठा भाग गेला आणि जुने दगडी चर्च तेवढे काठावर उभे राहिले. उन्हाळ्यात उजनीचे पाणी उतरल्यावर पळसदेवचे देऊळ उघडे पडते, ते पाहणाऱ्याला या चर्चबद्दल वेगळे सांगायला नको. वॉचूसेटमध्ये नावेला पूर्ण बंदी आहे. मासे धरायचे ते काठावरूनच.

तिथले लोक ज्यांच्या मागे असतात ते मासे मुख्यतः दोन. ट्राउट आणि बास. ट्राउट थंड पाण्याचा. आपल्या देशात तो इंग्रजांनी काश्मीर, हिमाचल, निलगिरीत आणून सोडला. आपल्या धरणांत तो जगायचा नाही. उन्हाळ्यात वरचे पाणी तापले की ट्राउट खोल जातो, काठावरच्या माणसाच्या हाती लागत नाही. बर्फ वितळल्यानंतरचे काही आठवडे आणि पुढे थंडी सुरू होतानाचे दिवस, एवढाच काठावरून ट्राउट धरण्याचा काळ. बासचे वेगळे. पाणी पंधरा-सोळा अंशांपर्यंत ऊबदार झाले की तो उथळात येतो. नर शेपटीने तळाशी खड्डा करतो, मादी अंडी घालून निघून जाते, आणि नर त्या खड्ड्यावर राखण करीत बसतो. जवळ येईल त्यावर तुटून पडतो, त्यामुळे गळालाही चटकन लागतो. म्हणून त्याच्यावर मर्यादा घातली आहे. दिवसाला माणशी पाच, आणि बारा इंचांपेक्षा लहान असेल तर परत पाण्यात. हे नियम कागदावर राहत नाहीत, कारण नियम मोडला तर स्वतःचाच परवाना जातो, हे काठावरच्या माणसाला ठाऊक असते.

खरी गोम आहे ती पैशाची. परवान्यातून आलेला पैसा मासे आणि वन्यजीव यांच्या खात्याबाहेर वळवायचा नाही, ही १९५० च्या केंद्रीय कायद्याची अट आहे. त्याच कायद्याखाली गळ, काठ्या, रिळे बनवणाऱ्यांकडून साधारण दहा टक्के कर घेतला जातो आणि तो राज्यांना वाटला जातो. वाटणीत ६० टक्के वजन राज्यातल्या परवानेधारकांच्या संख्येला आणि ४० टक्के क्षेत्रफळाला. म्हणजे काठावर माणसे जितकी जास्त, तितका राज्याच्या खात्यात पैसा जास्त. तिथल्या साहेबाला काठावरचा माणूस हवासा वाटतो तो प्रेमापोटी नव्हे, हिशेबापोटी. आपल्याकडे हिशेब उलटा आहे. पाणी एकाला देऊन टाकले की खात्याचे काम संपले, आणि दुसरा कोणी काठावर दिसला की ती कटकट.

एक गोष्ट मात्र तिथली आपल्याला लागू पडायची नाही. काठावर धरलेला ट्राउट किंवा बास तिथे विकता येत नाही. पोट भरलेल्यांच्या हौसेचा तो कायदा आहे. आमच्या काठावरच्या माणसाला मासा भाकरीबरोबर खायचा असतो, आणि कधी दोन किलो जास्त निघाला तर बाजारच्या दिवशी विकून तेलमीठ आणायचे असते. ती मुभा राहिली पाहिजे.

आता आपले पाणी बघू. उजनीचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी, त्यातला त्रेसष्टच्या आसपास मृतसाठा. उजनी मायनसमध्ये गेली असे पेपरात येते तेव्हा कालवे कोरडे पडतात, पण धरणाच्या पोटात पाणी असते आणि पाण्यात मासा असतो. हा मासा कोणता, ते नीट समजून घेतले तर काठावरच्या गळाचे भय कोणाला वाटायला नको.

कटला, रोहू, मृगळ हे वाहत्या नदीत, पुराच्या पाण्यात विणारे मासे. धरणाच्या उभ्या पाण्यात त्यांची वीण सहसा होत नाही. त्यांची बोटुकली विकत आणून सोडावी लागते. जो सोडतो त्याचा खर्च होतो, म्हणून त्याचा त्या माशावर दावा आहे, हे मान्य. पण चिलापी कोणी सोडत बसत नाही. मूळची आफ्रिकेची ही मासळी उभ्या पाण्यात वर्षातून अनेकदा विते. बासप्रमाणेच हिचाही नर काठाजवळच्या उथळात खड्डा करतो. फरक इतकाच की मादी अंडी तोंडात घेऊन पिले सांभाळते. काठावरून गांडूळ लावून टाकलेल्या गळाला जी लागते ती मुख्यतः ही चिलापी, नाहीतर एखादा शिंगटा, एखादी मरळ. कणकेच्या गोळीला रोहू-मृगळही लागतात, नाही म्हणत नाही. पण एका गळाने दिवसभरात निघणारा मासा आणि बारीक आसाच्या जाळ्याने एका ओढीत निघणारी बोटभर पिले यांची तुलना तरी करा. धरणातला मासा कमी झाला म्हणून ओरड आहे, ती खरी आहे. तो जाळ्याच्या बारीक आसाने खाल्ला, शहरांच्या आणि कारखान्यांच्या घाणीने खाल्ला. घरच्या काचेच्या टाक्यांतून बाहेर पडलेला सकर मासा उजनीत पसरला, त्याच्या काट्यांनी जाळी फाटतात. यातले काहीही काठावर गळ घेऊन बसलेल्या म्हाताऱ्याने केलेले नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

मच्छीमार संस्थांच्या मंडळींना हे पटवून द्यावे लागेल आणि त्यासाठी त्यांच्याकडे आपणच गेले पाहिजे. भोई-कोळी समाजाचे पोट या पाण्यावर आहे. गळाच्या नावाखाली उद्या कोणी पन्नास गऱ्यांची दोरी टाकील, रात्री जाळे सोडील, ही त्यांची भीती खोटी नाही. म्हणून मर्यादा आपणच मागायची. माणशी दोन गळ, जाळे नाही, नाव नाही, ठरावीक वजनापेक्षा लहान रोहू-कटला परत पाण्यात, पावसाळ्यातल्या विणीच्या दिवसांत बंद. सुरुंगाची दारू आणि विष वापरून मासे मारायला १८९७ च्या कायद्यानेच बंदी आहे. काठावर गावची दहा माणसे उघडपणे बसली तर अशा लोकांवर राखण आपोआप होईल, कोणाला पगार द्यावा लागणार नाही.

हक्क मागायचा तो मात्र पट्टा म्हणून नको. तवा धरणाचे उदाहरण समोर आहे. मध्य प्रदेशात तेव्हाच्या होशंगाबाद जिल्ह्यात या धरणाने ४४ गावे उठली. किसान आदिवासी संघटनेच्या लढ्यानंतर १९९६ मध्ये विस्थापितांच्या सहकारी संस्थांच्या संघाला मासेमारीचा पट्टा मिळाला. दहा वर्षे त्यांनी बीज सोडले, बंदीचा काळ पाळला, मासा विकून दाखवला. २००६ च्या अखेरीला मुदत संपली आणि जंगल व वन्यजीवांचे कायदे पुढे करून पट्टा पुन्हा दिला गेला नाही. काम चांगले केले म्हणून काही उपयोग झाला नाही. मुदतीने दिलेली वस्तू मुदतीने परत जाते.

आपल्याकडे याला आधार आहे. पाणी उतरल्यावर उघडी पडणारी गाळपेर जमीन देताना ज्यांची जमीन धरणात गेली त्यांना प्राधान्य, हे तत्त्व सरकारने पूर्वीच मान्य केले आहे. पाणी ओसरल्यावरच्या जमिनीवर ज्याचा पहिला दावा, पाणी भरल्यावर त्याच जागी काठावर बसायला त्याला बंदी कोणत्या न्यायाने?

जिल्हा बैठकीपुढे ठेवायचा ठराव असा. कोणत्याही धरणाच्या मासेमारीचा ठेका देताना काठावरून गळाने मासे धरण्याचा हक्क ठेक्यातून वगळावा. धरणग्रस्त कुटुंबांना तो कायमचा आणि विनाशुल्क असावा. इतरांना माफक फी असावी आणि ती फी त्याच धरणात बोटुकली सोडण्यासाठी खर्च व्हावी, जमाखर्च ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावा. तोवर प्रत्येक गावाने आपला अर्ज गाळपेरीचा अर्ज देतो त्याच पाटबंधारे कार्यालयात द्यावा आणि पोच घ्यावी. सोबत प्रकल्पग्रस्ताचा दाखला जोडावा. वडील वारले आणि दाखला काढायचा राहिला, अशी घरे गावोगाव आहेत. त्यांनी भूसंपादनाच्या निवाड्याची नक्कल आधी काढून ठेवावी, तिला वेळ लागतो.