अंतकाळच्या शुश्रूषेची परीक्षा : हॉस्पिस कसे पारखावे?



आपल्याकडे येणाऱ्या काही रुग्णांच्या बाबतीत एक दिवस असा येतो की, त्यांचे नातेवाईक औषध मागत नाहीत. रुग्णाला आता कुठे न्यावे, एवढेच विचारतात. मोठ्या रुग्णालयाने घरी नेण्यास सांगितलेले असते, घरी रात्रंदिवस उशाशी बसणारे कोणी नसते आणि वेदना तर थांबत नाहीत. अशा वेळी जवळच्या शहरातील एखाद्या हॉस्पिसचे, म्हणजे अंतकाळ-शुश्रूषा केंद्राचे नाव पुढे येते आणि वर्षानुवर्षांच्या विश्वासाने आपले मत विचारले जाते. हे मत देण्याची जबाबदारी आपण अद्याप पुरेशी ओळखलेली नाही, असे मला वाटते. म्हणूनच हा लेखनप्रपंच.

आरंभी माझीच चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी, दीर्घकाळ माझ्याकडे येणारे एक निवृत्त शिक्षक मुखाच्या कर्करोगाने अंथरुणाला खिळले. शस्त्रक्रियेत जिभेचा बराच भाग गेल्याने ते पाटीवर लिहून बोलत. मुलगा परगावी नोकरीला, पत्नी सत्तरी ओलांडलेली. मी त्यांना नव्याने निघालेल्या एका केंद्राचे नाव सुचविले. ते मी उद्घाटनाच्या दिवशी पाहिले होते. स्वच्छ खोल्या, पुढे बाग, प्रार्थनेसाठी वेगळी जागा आणि बोलण्यात अत्यंत नम्र असलेले चालक, एवढ्यावर माझे समाधान झाले होते. आठव्या दिवशी भेटीस गेलो असता गुरुजींनी पाटीवर लिहिले, ‘रात्री कोणी येत नाही.’ चौकशीअंती कळले की, रात्री सर्व रुग्णांसाठी मिळून एकच मदतनीस असे, चिकित्सक केवळ दूरध्वनीवर उपलब्ध असत आणि वेदनेसाठी साध्या वेदनाशामक गोळ्यांपलीकडे काहीही नव्हते. मॉर्फिन ठेवण्याची मान्यताच त्या केंद्राने घेतलेली नव्हती. आम्ही गुरुजींना दुसऱ्या संस्थेत हलविले. तेथे दोन दिवसांत वेदना आटोक्यात आली आणि अखेरचे तीन आठवडे त्यांना झोप मिळाली. परंतु आधीच्या आठ रात्री माझ्या शिफारशीमुळे त्यांच्या वाट्याला आल्या, हे मी विसरू शकत नाही.

हॉस्पिस म्हणजे काय

हॉस्पिस म्हणजे वृद्धाश्रम नव्हे, धर्मशाळा नव्हे आणि छोटे रुग्णालयही नव्हे. लंडन येथे 1967 साली डेम सिसिली सॉन्डर्स यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले, तेव्हापासून या सेवेला शास्त्रीय रूप आले. शरीराची वेदना, मनाची भीती, कुटुंबाची विवंचना आणि आध्यात्मिक अस्वस्थता या सर्वांचा एकत्रित विचार करणारी ‘समग्र वेदना’ ही संकल्पना त्यांचीच. आपल्या देशातील पहिले हॉस्पिस 1986 मध्ये मुंबईत वांद्रे येथे डॉ. एल. जे. डिसोझा यांनी ‘शांती अवेदना सदन’ या नावाने स्थापन केले. पुण्यात वारजे येथे 1997 पासून सिप्लाचे उपशामक सेवा व प्रशिक्षण केंद्र कार्यरत आहे. केरळमध्ये 1993 साली कालिकत येथे सुरू झालेल्या कार्यातून गावोगावचे स्वयंसेवक घरोघरी जाऊन सेवा देऊ लागले. यांतील निवासी सेवा आणि गृहसेवा या दोन्ही रीती आपल्या विचारार्थ महत्त्वाच्या आहेत. केंद्राची इमारत लहान असणे हा दोष नाही. सेवा कशी आहे, हे पाहिले पाहिजे.

ही सेवा पारखण्यासाठी आपल्याला परक्या कसोटीची गरज नाही. चरकाचार्यांनी सूत्रस्थानात सांगितलेले चिकित्सेचे चार पाद, म्हणजे भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी, येथे तंतोतंत लागू पडतात. रोग बरा होणार नसला तरी या चारही पादांचे गुण कमी पडून चालत नाही. किंबहुना बरे होण्याची आशा नसल्याने त्यांतील प्रत्येक उणीव रुग्णाला अधिक जाचते.

पहिला पाद : भिषक्

केंद्रात उपशामक चिकित्सेचे प्रशिक्षण घेतलेला चिकित्सक आहे काय, तो रुग्णाला प्रत्यक्ष किती वेळा पाहतो आणि रात्री बोलावल्यास किती वेळात येतो, हे विचारावे. भारतात या विषयाच्या पदव्युत्तर पदवीस 2010 साली मान्यता मिळाली. परंतु असे तज्ज्ञ अद्याप थोडे आहेत. म्हणून पदवी नसली तरी प्रशिक्षण असावे, हा आग्रह मात्र सोडू नये. पूर्वीचे सर्व कागद व चालू औषधांची यादी प्रवेशाच्या दिवशीच मागून घेणारा चिकित्सक सामान्यतः काळजीपूर्वक काम करणारा असतो. आयुर्वेदीय औषधांविषयी तो विचारतो की नाही, हेही पाहावे.

दुसरा पाद : द्रव्य

येथे सर्वांत महत्त्वाचा प्रश्न मॉर्फिनचा आहे. कर्करोगाच्या तीव्र वेदनेत तोंडाने देण्याचे मॉर्फिन हे जागतिक आरोग्य संघटनेने 1986 पासून पुरस्कारिलेल्या वेदनाशमनाच्या पायऱ्यांमधील प्रमुख औषध आहे. आपल्याकडे 1985 च्या अमली पदार्थविषयक कायद्यामुळे ते मिळणे अतिशय दुष्कर झाले होते. 2014 च्या दुरुस्तीने मॉर्फिनसह काही औषधे ‘अत्यावश्यक अमली औषधे’ ठरविण्यात आली आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना ती बाळगण्याचा मार्ग सुकर झाला. त्यामुळे ‘परवाना मिळत नाही’ हे उत्तर आज सहजासहजी मान्य करू नये. संस्थेकडे ही मान्यता आहे काय, साठा सध्या शिल्लक आहे काय आणि तो संपण्यापूर्वी नवीन मागविला जातो काय, असे तीन प्रश्न स्पष्टपणे विचारावेत.

मॉर्फिन असणे एवढेच पुरेसे नाही. साध्या स्वरूपातील मुखावाटे द्यावयाची मात्रा साधारणतः दर 4 तासांनी लागते. ती रात्रीही चुकता कामा नये. वेदना 0 ते 10 या मापाने नोंदविली जाते काय आणि औषध दिल्यानंतर ती पुन्हा मोजली जाते काय, हे रुग्णाच्या कागदावर पाहता येते. मॉर्फिनबरोबर मलावरोध जवळजवळ नेहमीच होतो. त्यासाठी पहिल्या दिवसापासून सारक औषध दिले जाते काय, हे विचारावे. कोष्ठाचे महत्त्व जाणणाऱ्या वैद्याच्या नजरेतून एवढी बाब सुटू नये.

तिसरा पाद : उपस्थाता

परिचारकाच्या ठिकाणी सेवेचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी अनुराग आणि शौच हे चार गुण असावेत, असे शास्त्र सांगते. हॉस्पिसचा खरा भार याच पादावर असतो. स्वतः उठू न शकणाऱ्या रुग्णाची कूस साधारणतः दर 2 तासांनी बदलावी लागते. ती बदलल्याची नोंद ठेवली जाते काय? रुग्णांच्या पाठीवर, माकडहाडावर व टाचांवर शय्याव्रण आहेत काय, आणि ते प्रवेशापूर्वीचे की नंतरचे? मुखाची स्वच्छता दिवसातून किती वेळा होते? दुर्गंधी येणाऱ्या व्रणांची मलमपट्टी रोज होते काय? खोलीत सुवासिक फवारा मारलेला असेल तर कारण विचारावे. व्रण नीट स्वच्छ केले तर फवाऱ्याची गरज बरीच कमी होते.

यासाठी एक सूचना अनुभवाने करतो. केंद्र पाहावयाचे तर सायंकाळी आठनंतर, पूर्वसूचना न देता जावे. रात्रपाळीत किती परिचारिका आहेत, घंटी वाजल्यावर कोणी किती वेळात येते, हे डोळ्यांनी पाहावे. चालकांनी आनंदाने आत घेतले तर उत्तमच. रुग्णांच्या विश्रांतीसाठी अंतर्भागात जाऊ दिले नाही तरी ते समजण्यासारखे आहे. परंतु दाराशी उभे राहूनही पुष्कळ कळते.

चौथा पाद : रोगी

रुग्णाचा एक गुण ज्ञापकत्व, म्हणजे आपले दुःख सांगता येणे, असा सांगितला आहे. अंतकाळी हा गुण क्षीण होतो. म्हणून विचारणाऱ्याची जबाबदारी वाढते. बोलता न येणाऱ्यासाठी पाटी, चित्रे किंवा खुणा यांची सोय आहे काय? आमच्या गुरुजींच्या उशाशी पाटी होती, पण ती वाचणारे रात्री कोणी नव्हते.

याच संदर्भात सत्यकथनाचा प्रश्न येतो. इंद्रियस्थानात, अरिष्टे दिसली तरी न विचारता मृत्यूची वार्ता सांगू नये आणि ज्याने रुग्णाला अथवा आप्तांना आघात होईल असे बोलू नये, असा उपदेश आहे. त्याचा आधार घेऊन रुग्णाला खोटी आशा दाखविण्याची प्रथा पडली, ती मात्र माझ्या मते शास्त्राच्या आशयाला धरून नाही. न विचारता न सांगणे वेगळे आणि विचारल्यावर असत्य सांगणे वेगळे. चांगले केंद्र रुग्णाला किती जाणून घ्यावयाचे आहे, हे हळुवारपणे विचारते आणि तेवढेच, पण खरे सांगते. सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2018 च्या निकालाने अंतिम उपचारांविषयीचे पूर्वनिर्देश मान्य केले आणि जानेवारी 2023 मध्ये त्याची पद्धती सुलभ केली. रुग्णाची अशी इच्छा विचारून नोंदविली जाते काय, हाही आता परीक्षेचा भाग असावा.

खर्चाची लेखी कल्पना, एका नातेवाइकास जवळ राहण्याची मुभा, घरी नेल्यास गृहसेवा आणि मृत्यूनंतर कुटुंबाची विचारपूस या चार बाबीही याच पादात मोडतात. कारण अशा आजारात कुटुंबही रुग्णाबरोबर सोसत असते.

आपली आणि औषधविक्रेत्यांची बाजू

दुसऱ्यांची परीक्षा घेताना आपलीही घ्यावी. असाध्य रुग्णास हाती घेतल्यास वैद्याच्या अर्थाची, विद्येची व यशाची हानी होते, या इशाऱ्याचा अर्थ आपल्यापैकी काहींनी ‘रुग्ण सोडून द्यावा’ असा घेतला. वैद्याच्या चार वृत्तींमध्ये मैत्री व कारुण्य यांच्याबरोबर जी उपेक्षा सांगितली आहे, तिचा अर्थ, माझ्या अल्पमतीप्रमाणे, व्यर्थ चिकित्सेचा आग्रह सोडणे एवढाच आहे. मनुष्याला सोडणे हा तिचा अर्थ होऊ शकत नाही. याच्या उलट टोकाला, मृत्यू समोर दिसत असता कुटुंबाला दागिने मोडावयास लावून महागडे कल्प देणारेही आपल्यातच आहेत. हे कटू असले तरी खरे आहे.

औषधविक्रेत्या बंधूंना विनंती अशी की, कर्करोग हमखास बरा करण्याची जाहिरात असलेले औषध दुकानात मांडू नये. 1954 च्या आक्षेपार्ह जाहिरातविषयक कायद्यात कर्करोगाचा समावेश आहे, हे आपण जाणताच. हॉस्पिसमधील रुग्णासाठी कोणी भस्मयुक्त किंवा तीव्र विरेचक कल्प नेत असेल तर तेथील चिकित्सकाला कळविले आहे काय, हे अवश्य विचारावे. वृक्क दुर्बल झालेल्या रुग्णाच्या शरीरात मॉर्फिनचे अंश साठून राहतात. त्यात आपल्या औषधाची अज्ञात भर पडू नये. उलट, निर्जंतुक पट्ट्या, हवेची गादी, मोठ्यांचे लंगोट यांसारख्या वस्तू रास्त दरात ठेवल्यास परिसरातील कुटुंबांना मोठा आधार होईल.

काही बंधू म्हणतील, आमच्या तालुक्यात केंद्रच नाही, मग निवड कशाची करावयाची? आक्षेप योग्य आहे. परंतु जेथे एकच केंद्र आहे तेथे तर हे प्रश्न अधिकच विचारले पाहिजेत. शिफारस करणारे वैद्य मॉर्फिनविषयी व रात्रपाळीविषयी विचारू लागले, तर चालकांनाही त्या उणिवा दूर कराव्याशा वाटतील. गुरुजींना मी जेथे प्रथम पाठविले त्या केंद्राच्या चालकांना मी पुढे सविस्तर पत्र लिहिले. त्यांनी ते मनाला लावून घेतले नाही. वर्षभरात मॉर्फिनची मान्यता मिळविली आणि रात्रपाळीत एक परिचारिका वाढविली. त्यांचा हेतू वाईट नव्हताच; त्यांना कोणी विचारले नव्हते, आणि विचारावयास हवे होते ते मी.

मंडळाच्या प्रत्येक जिल्हा शाखेने दोन वैद्य व एक औषधविक्रेता यांची छोटी समिती नेमावी, आपल्या परिसरातील केंद्रांना वर्षातून दोनदा, त्यांतील एकदा रात्री, भेट द्यावी आणि वरील चार पादांप्रमाणे केलेली नोंद शाखेत ठेवावी, अशी माझी नम्र सूचना आहे. पुढील वेळी कोणी कुटुंब आपल्या दाराशी येऊन कुठे न्यावे असे विचारील, तेव्हा आपल्याजवळ ऐकीव माहितीऐवजी पाहून लिहिलेली नोंद असावी.