टीव्ही कोणत्या प्रकारचा? आधी बाज कुठे आहे ते सांगा

दिवाळीपासून आमच्या घरात एकच विषय चालू आहे. शेतीचा नाही, लग्नाचा नाही, टीव्हीचा. पुण्याहून चिरंजीव, हैदराबादहून जावईबापू, औरंगाबादहून (आता छत्रपती संभाजीनगर म्हणायचं, पण जिभेला अजून सवय व्हायची आहे) पुतण्या, सगळे फोनवर एकच विचारतात, "मग, कोणता टाईप घ्यायचं ठरलं?" टाईप! अख्खी नोकरी मी मुलांकडून शब्दांच्या आठ जाती घोकून घेण्यात घालवली. आठच्या आठ नीट वेगळ्या. टीव्ही विकणाऱ्यांनी मात्र जातींचा जो चिवडा करून ठेवलाय, तो माझ्या वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या पोरालाही जमला नसता.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना भांडायचंय त्यांना तयारीला वेळ मिळेल. टीव्हीच्या खोक्यावर जी मोठमोठी अक्षरं छापतात, त्यातली बहुतेक टीव्हीचा प्रकार सांगतच नाहीत. आणि जी एक गोष्ट घेणाऱ्याला कळायला हवी, ती खोक्यावर कुठेच छापलेली नसते.

तर झालं असं. गेल्या दिवाळीला चिरंजीवांनी पुण्याहून ५५ इंची क्यूएलईडी पाठवून दिला. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला, त्याचा त्यांनी लगेच फायदा घेतला. पोरगं प्रेमाचं आहे, त्याबद्दल तक्रार नाही. टीव्ही लागला, सगळे समोर बसले, वा वा झाली. रंग तर असे की मोराला लाज वाटावी.

आमचे थोरले बंधू, आम्ही त्यांना दादा म्हणतो, वय ८४. चार वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हापासून बाजेवर आहेत. बाज जुन्या घरात, गल्लीकडच्या खिडकीपाशी. तिथून येणारा-जाणारा दिसतो, वारा लागतो, न्हाणी चार पावलांवर आहे. टीव्ही आहे आतल्या भिंतीला, म्हणजे दादांना तो बाजूने दिसतो. सकाळी सहापासून बातम्या, दुपारी कीर्तन, क्रिकेट असेल तर क्रिकेट. त्यांचं जग आता तेवढंच राहिलंय. तिसऱ्या दिवशी मला जवळ बोलावून हळूच म्हणाले, "अरे, ह्यातली सगळी माणसं आजारी असल्यावानी दिसायलेत."

मी जाऊन त्यांच्या उशापाशी डोकं टेकवून पाहिलं. खरंच! समोरून मोरासारखा दिसणारा टीव्ही तिथून राखुंडी फासल्यासारखा. निवेदिकेचा चेहरा पांढुरका, क्रिकेटचं मैदान वाळलेल्या कडब्याच्या रंगाचं. एवढे पैसे घातले, आणि ज्याच्यासाठी घातले त्यालाच दिसेना.

तेव्हापासून मी ह्या विषयाच्या मागे लागलोय. भूगोल आणि मराठी शिकवणारा माणूस, पण रिटायर माणसाला वेळ असतो.

जो आपण एलसीडी म्हणून ओळखत होतो त्याचं तत्त्व सोपं आहे. मागे दिवा, आणि दिव्यापुढे लाखो बारीक झडपा. झडप उघडली की उजेड बाहेर, मिटली की अंधार. ह्या झडपा द्रव स्फटिकांच्या. १८८८ साली ऑस्ट्रियाच्या राइनिट्झर नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाला गाजरातून काढलेल्या एका पदार्थात हा चमत्कार पहिल्यांदा दिसला. (आपण गाजराचा हलवा केला, त्यांनी टीव्ही केला.) आधी मागचा दिवा असायचा ट्यूबलाईटच्या जातीचा. मग तो काढून एलईडी दिवे बसवले आणि टीव्हीचं नावच "एलईडी टीव्ही" झालं. अहो, घरातली ट्यूब काढून एलईडी बल्ब लावला म्हणून माळवदाचं घर बंगला होतं का? २००९ मध्ये ब्रिटनमध्ये जाहिरातींवर देखरेख करणाऱ्या संस्थेने सॅमसंगच्या अशाच जाहिरातीवर ठपका ठेवला होता, की हा दिवा मागचा आहे हे ग्राहकाला नीट सांगितलेलं नाही. ठपका तिकडे राहिला, नाव जगभर रुळलं. नांदेडच्या दुकानात मला ठामपणे सांगण्यात आलं, "सर, एलसीडी कधीच बंद झाला, आता सगळं एलईडी." पंक्तीत ताट बदललं, आमटी तीच!

मग २०१७ मध्ये सॅमसंगने क्यूएलईडी हे नाव आणलं. त्यातले क्वांटम डॉट खरे आहेत, त्या शोधाला २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. विज्ञानाला माझा नमस्कार. पण टीव्हीत त्यांचं काम दिव्याच्या उजेडाचे रंग शुद्ध करणं एवढंच, आणि झडपा त्याच. मिनी एलईडी म्हणजे मागचे दिवे बारीक आणि पुष्कळ, ते गटागटाने मंद होतात म्हणून काळं जास्त काळं दिसतं. झडपा पुन्हा त्याच. तिन्ही नावांखाली एकच एलसीडी. आणि त्या नावांत एक अक्षर वाढवलं की जो सख्ख्या भावासारखा दिसतो तो ओएलईडी मात्र खरोखर वेगळ्या कुळातला. त्यात मागे दिवा नाही, प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो. क्यू आणि ओ ही अक्षरं छापलेली पाहा, चष्मा लावूनही फरक कळत नाही. हा योगायोग आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी वाटून घ्यावं.

चिरंजीव म्हणाले, "बाबा, मग ओएलईडीच घेऊ, तो बाजूनेही छान दिसतो." खरं आहे, दिसतो. पण त्याची किंमत लाखाच्या पुढची, आणि दादांचं बातम्यांचं चॅनेल सकाळी सहाला लागतं ते दुपारपर्यंत. खाली लाल पट्टी, कोपऱ्यात चॅनेलचं चिन्ह, जागचं हलत नाही. एकच चित्र एकाच जागी महिनोन् महिने राहिलं की ओएलईडीवर त्याचा डाग उमटून बसू शकतो. पूर्वीच्या प्लाझ्मालाही हीच खोड होती. प्लाझ्मा खरं तर चांगला होता, बाजूने रंग उडत नसत. पण पॅनासॉनिकने २०१३ मध्ये आणि सॅमसंग, एलजीने २०१४ मध्ये त्याचं उत्पादन आवरतं घेतलं. चिरंजीवांनी पुण्याच्या फ्लॅटमध्ये रात्री दिवे मालवून सिनेमे पाहायला ओएलईडी जरूर घ्यावा. आमच्या खिडकीपाशी तो बसत नाही.

प्रकार ओळखण्यात मोठमोठे चुकलेत, आपण तर गिऱ्हाईक. आमच्या घरी वीस वर्षं व्हिडिओकॉन होता. आपल्या मराठवाड्यातला, पैठण रस्त्यावरच्या चितेगावचा. चित्र बंद पडलं तर वरून एक चापट, की चालू. त्याच कंपनीने २००५ मध्ये फ्रान्सच्या थॉमसनचा पिक्चर ट्यूबचा धंदा विकत घेतला. पोलंड, इटली, मेक्सिको, चीन इथले कारखाने! तेव्हा पेपरात वाचून छाती फुगली होती. आणि पुढच्या थोड्याच वर्षांत चपट्या पडद्यांनी ट्यूब बाजारातून हद्दपार केली. २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या कोर्टात गेली. कारणं आणखीही होती, मोबाईल होता, तेल होतं. पण टीव्हीचा उद्याचा प्रकार कोणता हे जन्मभर टीव्ही बनवणाऱ्यांनाही कळलं नाही. ही बातमी दादांना वाचून दाखवली तेव्हा त्यांनी जुन्या सेटच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं होतं.

त्या ट्यूबचा एक गुण मात्र आम्ही कधी मोजला नाही. १९८७ मध्ये रविवारी सकाळी रामायण लागायचं. बांबूवर अँटेना, ती फिरवायला एक पोरगं माळवदावर. खोलीत तीस-चाळीस माणसं, दारात बायका, खिडकीत लोंबकळणारी पोरं. ट्यूबच्या काचेवरच उजेड उमटायचा, त्यामुळे खिडकीतल्या पोरालाही राम तसाच दिसायचा जसा पुढे बसलेल्या आजोबांना. कोणाचा राम पांढुरका नव्हता. आत्ताचा टीव्ही बनवणाऱ्याच्या डोळ्यापुढे समोर सोफा असतो आणि त्यावर दोन माणसं. आमच्याकडच्या घरात माणसं सोफ्यावर ओळीने बसत नाहीत हो! कोणी उंबऱ्यावर, कोणी चुलीपाशी, कोणी बाजेवर.

आता मूळ मुद्दा. ह्या झडपांच्या मुख्य जाती दोन. एक व्हीए, त्यात काळं छान काळं दिसतं, पण बाजूला सरकलात की रंग उडतात. दुसरी आयपीएस, त्यात काळं थोडं करडं दिसतं, पण बाजूने रंग टिकतो. चिरंजीवांचा ५५ इंची हा व्हीए निघाला. घेणाऱ्याच्या दृष्टीने हा खरा प्रकार, आणि तो खोक्यावर नाही! एकाच नावाच्या मॉडेलमध्ये ४३ इंचाला एक जात आणि ५५ इंचाला दुसरी असं असू शकतं. दोन रुपयांच्या बिस्किटाच्या पुड्यावर मैदा, साखर, तेल, सगळं छापतात. टीव्हीच्या खोक्यावर किंमत छापतात, महिना छापतात, पत्ता छापतात. मग पॅनलची जात एका ओळीत छापायला शाई संपते काय?

"बाज हलवा" असं तिघांनीही सुचवलं. दादांना खिडकीपासून काढून आत अंधारात ठेवायचं, का तर टीव्हीला सोयीचं व्हावं. ह्यावर मी फोन ठेवून दिला. फिरत्या स्टँडची सूचना मात्र शहाणी होती, ती मी करून पाहिली. पण भिंत पांढऱ्या मातीची. ड्रिल लावलं तशी भोकातून माती घळाघळा खाली. टेबलावरच टीव्ही वळवून ठेवला, तर दादा खूश आणि वहिनी म्हणाल्या, "आता मला आजारी दिसायलेत."

मग मी शाळेतल्यासारखं केलं. सुतळी आणि कोनमापक घेऊन बाजेपासून टीव्हीपर्यंत कोन मोजला. समोरच्या रेषेपासून ५५ अंश. दादा म्हणाले, "ह्या वयात काय करायलास?" तो आकडा चिठ्ठीवर लिहून नांदेडला वजिराबादेत गेलो. दुकानात भिंतभर टीव्ही, सगळ्यांवर तीच मासे-फुलपाखरांची चित्रफीत, उजेड डोळ्यात खुपेल असा चढवलेला. मी स्टूल मागून घेतलं आणि एका टीव्हीच्या पार बाजूला जाऊन बसलो.

"सर, तिकडून कामून बघायलाव? समोर या ना."

"समोर बसणारा नाही बाबा आमच्याकडे, बाजूला झोपणारा आहे. पॅनल कोणतं ह्याचं?"

"ओरिजिनल आहे सर."

पोराचा दोष नाही. त्याला अक्षरं पाठ करायला दिली, त्याने पाठ केली. आम्ही मास्तर लोकांनीही हेच केलंय. तरी त्याने कंटाळा न करता मासे बंद करून बातम्या लावून दिल्या. सात टीव्ही बाजूने पाहिले, पाचांत माणसं आजारी. उरलेल्या दोनातला ४३ इंची घेतला, अठ्ठावीस हजारांच्या आत, माझ्या पेन्शनीतून. एलईडीच म्हणतात त्याला, क्यू नाही आणि ओ नाही. मागच्या दिव्यांच्या पट्ट्या गेल्या तर बदलून देणारा मेकॅनिक देगलुरातच आहे, हे आधी विचारून घेतलं होतं.

"निदान फोर के आहे ना?" असं जावईबापूंनी विचारलं. आहे. पण हिशोब करा. फोर के म्हणजे ३८४० गुणिले २१६०, म्हणजे ८२,९४,४०० ठिपके. आमच्या साध्या सह्याद्रीचं चित्र ७२० गुणिले ५७६, म्हणजे ४,१४,७२०. बरोबर वीस पट! टीव्हीला एका ठिपक्याचे वीस करावे लागतात, उरलेले एकोणीस तो अंदाजाने भरतो. पडदा जितका मोठा तितकं ते अंदाजपत्रक उघडं पडतं. ५५ इंचावर कीर्तनकारांचा फेटा वितळल्यासारखा दिसायचा तो ह्यामुळे.

दोष झाकणार नाही. रात्री दिवा मालवला की नव्या टीव्हीतला अंधार करडा दिसतो, भुताचा सिनेमा लागला तर भूत धुक्यात फिरतंय असं वाटतं. चिरंजीव थोडे रुसलेत. त्यांचा ५५ इंची मागच्या स्लॅबच्या खोलीत सोफ्यासमोर ठेवलाय, नातवंडं उन्हाळ्यात आली की तिथे पाहतील.

परवा दादांनी बाजेवरून अर्धा तास क्रिकेट पाहिलं. मैदान हिरवं आहे म्हणाले. मग म्हणाले, "पण हा बोलतो काय ते ऐकू येईना." ह्या चपट्या टीव्हींचे स्पीकर तोंड खाली करून पाठीमागे बसवलेले असतात, आवाज भिंतीला जातो. चिरंजीवांना हे अजून कळवलेलं नाही. कळवलं की साउंडबारचे किती टाईप असतात ते सांगायला त्यांचा लगेच फोन येईल.