खजिना नसलेला शेवट

बालचित्रपटांवर अंक काढायचं ठरलं, तेव्हा आम्ही मुद्दाम शेवटापासून सुरुवात केली. निमित्त सत्यजित राय यांच्या १९७४च्या ‘सोनार केल्ला’चं. पूर्वजन्मातला सोन्याचा किल्ला आठवणारा लहानगा मुकुल, त्याच्या मागावर खजिन्याच्या लोभानं निघालेले भामटे आणि त्यांच्या पाठोपाठ गुप्तहेर फेलूदा. रेल्वे, उंट, राजस्थानचं वाळवंट असा पाठलाग जैसलमेरला पोहोचतो. पिवळ्या दगडाच्या त्या किल्ल्यात मुकुलला दिसतात पडकी घरं. तो रडतो. खजिना कुणालाच मिळत नाही आणि मुकुलला फक्त कोलकात्याला, आपल्या घरी जायचं असतं.

साहसकथेचा इतका धीट शेवट आम्हाला आजही विरळा वाटतो. मुलांच्या हाती बक्षीस ठेवण्याची घाई राय यांना नाही. मूल सुखरूप घरी परततं, एवढं त्यांना पुरतं. हल्ली मुलांचे बहुतेक चित्रपट पुढच्या भागाची सोय करून थांबतात, म्हणून हा विषय आत्ता घ्यावासा वाटला. या अंकातले लेख कथानकं सांगत बसत नाहीत, शेवटच्या काही मिनिटांकडेच बारकाईनं पाहतात.

तुमच्या लहानपणी पाहिलेला कोणता शेवट मनात राहिला? घरातल्या मुलांनाही विचारा आणि आम्हाला जरूर कळवा.