छप्पर आधी बघा, पॅनेल मग

गेल्या आषाढात नात्याला गेले होते. आमच्या बचत गटातली एक मैत्रीण पडवीत ओल्या गाद्या उभ्या करत होती. घर गळलं का, म्हणून विचारलं तर म्हणाली, "घर नाही हो ताई, गाडी गळली."

ही गाडी म्हणजे एक जुनी मिनीबस. शाळेची मुलं नेऊन-आणून थकलेली. महाडहून पाचाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर रायगड बघायला येणाऱ्यांची वर्दळ असते. या घरातल्यांनी विचार केला, आसनं काढून आत पलंग आणि ओटा बसवू, चार माणसांच्या एखाद्या कुटुंबाला रात्रीच्या मुक्कामाला देऊ. कल्पना चांगलीच होती. राज्य सरकारनेही २०२१ मध्ये कारव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं आहे. मग दिवे-पंख्यासाठी टपावर सोलर बसवायचं ठरलं. गटातून चाळीस हजारांचं कर्ज काढलं, अर्थातच तिच्या नावावर. चैत्रात दोन मोठी पॅनेलं चढली आणि पहिल्या मोठ्या पावसात टपातून गंजाचं पाणी गाद्यांवर ठिबकू लागलं. बसवणारा म्हणाला, "पत्रा जुना होता." घरचे म्हणाले, "कामच कच्चं झालं." दोघांचंही खरं होतं. हप्ता मात्र तिच्या वहीत लिहिलेला होता.

मैत्रिणींनो, मला त्या गळतीपेक्षा दुसरी गोष्ट लागली. गाद्या वाळवणारी ती, स्वयंपाक करणारी ती, कर्जावर सही करणारी ती. पण टपावर काय चढवायचं हे ठरताना तिला कुणी काही विचारलं नाही, आणि तिनेही विचारलं नाही. "त्यातलं मला काय कळतंय?" हे वाक्य आपण फार लवकर म्हणून मोकळ्या होतो. खरं तर यात न कळण्यासारखं फारसं काही नाही.

पहिला प्रश्न, वीज लागणार किती? वाण्याची यादी करतो तशीच ही यादी. नऊ वॅटचे दोन दिवे पाच तास चालले की नव्वद युनिटं. (ही घरच्या बिलातली नाहीत. तशी एक हजार झाली की बिलातलं एक युनिट होतं.) बॅटरीवरचा वीस वॅटचा पंखा रात्रभर, म्हणजे दहा तास चालला की दोनशे. चार मोबाइलचे साठ धरा. झाले साडेतीनशे. शंभर वॅटचं पॅनेल लख्ख उन्हाच्या दिवशी तीनशे-साडेतीनशेच्या आसपास देतं. म्हणजे थोडी शिल्लक धरून दीडशे-दोनशे वॅटचं एकच पॅनेल पुरलं असतं. मैत्रिणीला दोन मोठी घ्यायला लावली, कारण "विजेची शेगडीसुद्धा चालेल" असं सांगितलं होतं. अहो, ती शेगडी एकटीच दीड-दोन हजार वॅट ओढते! शेवटी गॅस आहे तिथेच राहिला.

मुंबईच्या आय.आय.टी.चे प्राध्यापक चेतन सिंह सोळंकी २०२० मध्ये अशाच एका बसमधून देशभर फिरायला निघाले. झोपणं, स्वयंपाक, काम सगळं बसमध्ये, आणि वीज टपावरच्या पॅनेलांची. त्यांचं सांगणंही हेच, की आधी वापर टाळा, मग कमी करा आणि उरेल तेवढीच वीज स्वतः तयार करा. आपण नेमकं उलटं करतो.

दुसरा प्रश्न, छप्पर पेलेल का? शंभर वॅटचं काचेचं पॅनेल सात-आठ किलोचं, मोठं वीस किलोच्या घरात. जुन्या गाडीचा पत्रा पातळ असतो, भार पेलतात त्या पत्र्याखालच्या आडव्या पट्ट्या. पॅनेलची चौकट त्या पट्ट्यांवर कसायची असते. इथे स्क्रू मारले होते मधल्या नुसत्या पत्र्यात. भोकांना ना रबरी वायसर, ना सीलंट. काही जण भोकं नकोत म्हणून पॅनेल चिकटवतात. पण खाली गंज असेल तर ते पत्र्याला नव्हे, रंगाच्या पापुद्र्याला चिकटतं. वरंध किंवा आंबेनळी घाटातल्या वाऱ्यात तो पापुद्रा किती टिकेल, याचा विचार करा. पॅनेलखाली दोन-तीन इंच मोकळी जागाही हवी. वारा खेळला नाही तर ते तापतं आणि तापलेलं पॅनेल वीज कमी देतं. फांदीची किंवा टपावरच्या कॅरिअरची सावली एका कोपऱ्यावर पडली तरी विजेत बरीच घट येते.

तिसरा प्रश्न, जिवाला धोका नाही ना? बॅटरीजवळ फ्यूज हवाच. साधी पाण्याची बॅटरी चार्ज होताना वायू सोडते, ती पलंगाखाली बंद खोक्यात ठेवू नये. गाडीत असे बदल करण्याआधी आर.टी.ओ.त विचारावं, मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम त्यासाठीच आहे. आणि घरच्या छतासाठी केंद्राच्या सूर्यघर योजनेत अनुदान मिळतं, गाडीच्या टपाला नाही. कुणी तसं सांगून पैसे मागत असेल तर सावध राहा.

सोलर नकोच, असं मी म्हणत नाही. २०२० च्या निसर्ग वादळानंतर आपल्या रायगड जिल्ह्यातली कितीतरी गावं दिवसचे दिवस अंधारात होती. तेव्हा एका दिव्याची आणि चार्ज झालेल्या मोबाइलची किंमत आपल्याला कळली. पण कोकणातला पाऊस चार महिन्यांचा. त्या दिवसांत बॅटरी भरायला घरच्या विजेची किंवा गाडीच्या इंजिनाची सोय ठेवावीच लागते.

मैत्रिणीने शेवटी गावातल्या वेल्डरला बोलावलं. भोकं बुजवली, पट्ट्यांवर नवी चौकट बसवली. एकच पॅनेल टपावर ठेवलं, दुसरं पडवीवर गेलं. गाडी आता गळत नाही. खर्च मात्र वाढला, आणि हप्ते अजून चालू आहेत.

रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर सी. डी. देशमुख यांचा जन्म याच नात्याचा. देशाचा हिशेब सांभाळणारा माणूस ज्या गावाने दिला, तिथल्या लेकी-सुनांना साडेतीनशेची बेरीज जड का जावी? पुढच्या वेळी गटाच्या बैठकीत कर्जाचा कागद समोर आला की पेन उचलण्याआधी हे तीन प्रश्न विचारा. उत्तर समजेपर्यंत पुन्हा विचारा. सही आपली आहे, तर प्रश्नही आपलेच असायला हवेत.