आमचीही गावकी झाली



रत्नागिरी जिल्ह्यातल्या माणसाला वाळीत टाकणं म्हणजे काय ते शिकवावं लागत नाही. शिमग्याला पालखी दारात येणार नाही. लग्नाला कुणी येणार नाही, मयताला खांदा मिळणार नाही. बोलेल त्याला दंड. आपल्या बापजाद्यांना तर हे पाठच होतं. १९५६ नंतर त्यांनी गावकीची कामं सोडली, मेलेली ढोरं ओढायला नकार दिला, तेव्हा गावोगाव त्यांच्यावर बहिष्कार पडले. ते त्यांनी सोसले, पण मान खाली घातली नाही. ते किस्से आपण जयंतीच्या स्टेजवरून छाती फुगवून सांगतो.

आता माझा किस्सा ऐका. हा स्टेजवर सांगण्यासारखा नाही.

आमच्या वाडीच्या मंडळाचा मोबाइलवर ग्रुप आहे. मुंबई कमिटी, ग्रामीण कमिटी, कॉलेजची पोरं, सगळे त्यात. ॲडमिन चार जण, त्यातला एक मी. जयंती झाल्यावर एका पोरानं ग्रुपवर लिहिलं, की वर्गणी किती जमली, डीजेवर किती उडाली आणि विहाराच्या गळक्या पत्र्यासाठी किती उरले, याचा हिशोब टाका. कुणी उत्तर दिलं नाही. त्यानं परत विचारलं. मग एकानं बुद्धवंदना टाकली, दुसऱ्यानं गुड नाईटचा फोटो टाकला. तिसऱ्यांदा त्यानं मलाच धरला. आपल्या मासिकाच्या मागच्या अंकाच्या मलपृष्ठावर एका पुढाऱ्याची जयंतीच्या शुभेच्छांची जाहिरात होती. तो म्हणाला, ‘क्रांतीची भाषा आतल्या पानावर आणि दलाली मागच्या पानावर, हा कुठला धंदा संपादकसाहेब?’

मला झोंबलं. खरं होतं म्हणून जास्तच झोंबलं. त्या जाहिरातीच्या पैशावरच अंक निघाला होता. रात्रीचे पावणेबारा वाजलेले. मी त्याच्या नावावर बोट ठेवलं आणि त्याला काढून टाकला. लगेच दोघा-तिघांनी अंगठे दाखवले. ‘बरं झालं, लय शाणा झालेला.’

एवढ्यावर थांबलं असतं तर मी हे लिहायला बसलो नसतो. पण ग्रुपमधून गेलेला माणूस हळूहळू वाडीतूनच जायला लागतो. वर्षावासात ग्रंथवाचनाची पाळी घरोघर फिरते. ती त्याच्या घराला वगळून पुढं गेली. कुणी ठराव केला नाही, नुसतं ‘राहून गेलं’. मग त्याच्या बहिणीचं लग्न ठरलं. लग्नकार्याची भांडी मंडळाची असतात, टोप, पराती, ताडपत्री सगळं. त्याची आई मागायला गेली तर चावी ज्याच्याकडे असते तो मुंबईला गेलेला निघाला. चार दिवस मुंबईतच. शेवटी त्यांनी बाजारातून भाड्यानं भांडी आणली. लग्नाला वाडीतली निम्मी घरं नव्हती. मीसुद्धा नव्हतो. अंगात कणकण आहे म्हणून घरी पडून राहिलो. कणकण कसली, तोंड दाखवायची लाज वाटत होती.

याला काय म्हणायचं? सवर्णांनी केलं की वाळीत आणि आपण केलं की शिस्त?

ही रत्नागिरी माणसं गप्प करायला सरकारलाही सोयीची वाटत आली. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी इथं आणून ठेवलं. तो १९१६ साली इथंच मेला. सावरकरांना १९२४ ते १९३७ इथं स्थानबद्ध केलं, राजकारणात भाग घ्यायला मनाई. पण त्यासाठी इंग्रजाला हुकूम काढावे लागले, पहारे ठेवावे लागले, राजासाठी राजवाडा बांधावा लागला. गावकीला यातलं काही लागत नाही. मला तर फक्त एक अंगठा लागला.

कायद्याचं म्हणाल तर कायदा आहे. मुंबई राज्यानं १९४९ साली बहिष्कृत करण्याविरुद्ध कायदा केला होता. १९६२ साली सुप्रीम कोर्टानं दाऊदी बोहरांच्या धर्मगुरूंच्या खटल्यात तो रद्द केला. मग अर्धं शतक गेलं. महाराष्ट्रानं २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध नवा कायदा केला, तो २०१७ पासून लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. भांड्यांची चावी मुंबईला जाणं त्यात कुठल्या कलमात बसतं ते वकील बघतील. आणि २०२१ साली मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं ॲडमिन म्हणजे काय तेही सांगून टाकलं. माणूस घ्यायचा आणि माणूस काढायचा, एवढीच त्याची सत्ता. एवढीशी सत्ता मिळाली आणि आमच्यातला खोत जागा झाला!

आता बाबासाहेबांकडे येऊ. फोटोतल्या बाबासाहेबांकडे नाही. छापखान्यातल्या, लेखणीतल्या बाबासाहेबांकडे. मंडणगड तालुक्यातलं आंबडवे हे त्यांचं मूळ गाव, म्हणून आपण कॉलर ताठ करतो. पण या माणसाला आयुष्यभर कुणी कुणी दार लावलं आणि त्यानं दाराबाहेर उभं राहून काय केलं, हे वाचतो का?

१९२० साली ‘मूकनायक’ निघाला. त्याची जाहिरात पैसे घेऊनसुद्धा छापायला ‘केसरी’नं नकार दिला. आमची तऱ्हा बघा. आम्ही पैसे घेऊन पुढाऱ्याची जाहिरात छापली आणि फुकटातल्या पोराचा सवाल मात्र पुसून टाकला. १९२७ साली बाबासाहेबांनी दुसरं पत्र काढलं, त्याचं नाव ठेवलं ‘बहिष्कृत भारत’. ज्या शब्दानं बाहेर काढलं तोच शब्द मथळ्यावर!

१९३६ साल. लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळानं त्यांना वार्षिक परिषदेचं अध्यक्ष केलं. भाषण हातात पडल्यावर मंडळाची गाळण उडाली. सुधारणावाले होते, जात तोडायला निघालेले होते, पण एवढी तोडायची नव्हती. काही भाग गाळा म्हणाले. बाबासाहेबांनी कळवलं की स्वल्पविरामसुद्धा बदलणार नाही. परिषदच बारगळली. मग त्यांनी ते भाषण स्वतःच्या खर्चानं छापलं, दीड हजार प्रती, किंमत आठ आणे. लाहोरला जे शेकड्यांनी ऐकलं असतं ते आज जग वाचतंय.

इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पुढचं कमी लोक सांगतात. गांधींनी ‘हरिजन’मध्ये त्या पुस्तकावर टीका केली. १९३७ साली दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा बाबासाहेबांनी गांधींची ती टीका स्वतःच्या पुस्तकात छापली, आणि तिच्यामागून आपलं उत्तर छापलं. ज्याला बोलू दिलं नाही त्यानं विरोधकाला आपल्या घरात बसायला पाट दिला आणि मग त्याचा एकेक मुद्दा सोलून काढला. त्यांना गाळता आलं असतं, पुस्तक त्यांचं होतं, खर्च त्यांचा होता. नाही गाळलं. कारण त्यांचा आपल्या म्हणण्यावर विश्वास होता. माझा आपल्या हिशोबावर नव्हता, म्हणून मी बटण दाबलं.

अजून एक. २५ नोव्हेंबर १९४९, घटना समितीतलं शेवटचं मोठं भाषण. भक्तीबद्दलचा इशारा त्याच भाषणात आहे, तो आपण भिंतीवर रंगवतो. पण त्याच भाषणात त्यांनी समितीतल्या बंडखोरांची नावं घेऊन कदर केली. कामत, पंजाबराव देशमुख, सिधवा, सक्सेना, ठाकुरदास भार्गव, के. टी. शहा, कुंझरू. हे लोक कलमाकलमाला आडवे आले, त्यांच्या सगळ्या सूचना बाबासाहेबांनी मानल्या नाहीत, पण ते नसते तर समितीचं काम फिकं पडलं असतं असं सांगितलं. आपल्या मंडळाच्या वार्षिक सभेत कधी कुणी आडवं येणाऱ्याचे आभार मानलेत? आपल्याकडं आभार मंडपवाल्याचे मानतात.

आणि आपली चळवळ? १९७२ साली राजा ढालेंनी ‘साधना’त काळ्या स्वातंत्र्यदिनावर लिहिलं तेव्हा अख्खा पांढरपेशा महाराष्ट्र अंगावर धावून आला. पॅंथर मागं हटले नाहीत. बोलण्याच्या हक्कासाठी रस्त्यावर उतरले. आणि दोनच वर्षांनी, १९७४ साली, जाहीरनामा कम्युनिस्ट आहे की आंबेडकरवादी या वादात नामदेव ढसाळांना संघटनेतून काढलं. १९७७ साली ढाले आणि ज. वि. पवारांनी पॅंथर बरखास्तच केली. त्या वादात कोण बरोबर हे ठरवायला मी बसलेलो नाही, दोन्ही बाजूंनी ढीगभर लिहिलं गेलंय. मला एवढंच दिसतं, की तो वाद विचारांचा होता, मोलाचा होता, आणि एका छपराखाली तो करता आला नाही. त्यानंतर जो तो आपलं छप्पर घेऊन निघाला. आज गट किती ते मोजायला बोटं पुरत नाहीत. एकी टिकावी म्हणून माणसं काढत गेलो, आणि एकीच उरली नाही.

जाणते म्हणतात, घरातली धुणी रस्त्यावर कशाला? शत्रू टपून बसलाय. बसलाय ना! पण हिशोब मागणारा फुटीर, तर हिशोब दाबणारा कोण? शत्रूला आपली भांडणं दिसण्याची भीती मोठी, की आपल्याच पोरानं आपल्याला ‘खोत’ म्हणण्याची?

म्हणजे कुणालाच काढायचं नाही का? तसं नाही. बाईमाणसाला घाण मेसेज करणारा, जातीवरून शिव्या देणारा, धमक्या देणारा, त्याला दार दाखवायचंच. पण सवाल विचारणारा आणि शिवी देणारा यांत फरक करता येत नसेल तर ॲडमिनगिरी सोडून घरी बसा. आणि काढायचं तर कसं, ते शोधायला लांब जायला नको. भिक्खुसंघाच्या विनयात ‘संमुखविनय’ आहे. ज्याच्यावर आरोप त्याच्यासमोर, संघासमोर, धम्माच्या नियमानं निर्णय. पाठीमागं नाही, रात्री पावणेबाराला तर नाहीच. पंचशील रोज म्हणणाऱ्यांना एवढं जमू नये?

म्हणून मी तीन गोष्टी करतोय. एक, त्या पोराला ग्रुपमध्ये परत घेतलंय आणि ग्रुपवर त्याची माफी मागितलीय. दोन, मासिकाला मिळालेल्या जाहिरातीची रक्कम आणि अंकाचा खर्च शेवटच्या पानावर छापलाय. मंडळाचा हिशोब मंडळानं द्यावा, तो मागणारा आता मीही आहे. तीन, त्यानं मला लिहिलेलं पत्र पुढच्या पानावर छापलंय, एक शब्द न गाळता. त्यात माझ्याबद्दल जे आहे ते वाचून माझ्या घरच्यांनाही बरं वाटणार नाही. काही ठिकाणी तो चुकलाय असं मला वाटतं. ते मी पत्राच्या खाली लिहिलंय.

त्याच्या आईकडे जाणं मात्र राहिलंय. ते छापून होणार नाही. तिथं पायानंच जावं लागेल.

— संपादक