भगवानदादांचा बंगला गेला याची हळहळ, पण त्यांचे सिनेमे गेले त्याचं काय?

भगवान आबाजी पालव, म्हणजेच भगवानदादा. जन्म अमरावतीचा, १ ऑगस्ट १९१३. जयंती आली की मोबाइलवर त्यांची एकच गोष्ट फिरते : जुहूचा बंगला, गाड्यांचा ताफा, मग कर्ज आणि शेवटी दादरची चाळ. या गोष्टीत त्यांची श्रीमंती आणि गरिबी दोन्ही आहेत, पण दिग्दर्शक म्हणून केलेलं काम मात्र जवळपास नाहीच.

'अलबेला'आधी काय केलं?

वडील गिरणी कामगार. भगवान यांनीही मजुरी केली आणि मूकपटांत लहानसहान भूमिका करत सिनेमा शिकले. १९३८ मध्ये चंद्रराव कदम यांच्यासोबत त्यांनी 'बहादूर किसान' दिग्दर्शित केला. पुढची दहाएक वर्षं कमी खर्चाचे स्टंटपट काढले. १९४१ मध्ये 'वनमोहिनी' हा तमिळ चित्रपटही केला. हॉलीवूडचे डग्लस फेअरबँक्स हा त्यांचा आदर्श. त्यांच्यासारख्या उड्या आणि मारामाऱ्या भगवानदादा डमी न घेता स्वतः करत. त्यांचा हक्काचा प्रेक्षक कामगार वस्त्यांतला होता. १९४७ मध्ये त्यांनी चेंबूरला स्वतःचा जागृती स्टुडिओ उभारला.

'अलबेला'नं काय बदललं?

स्टंटपट सोडून सामाजिक चित्रपट काढ, हा सल्ला राज कपूर यांचा. त्यातून १९५१ मध्ये 'अलबेला' आला. नायिका गीता बाली, संगीत सी. रामचंद्र यांचं. भगवानदादांचा हलक्या पावलांचा नाच कुणालाही जमेल असा होता. म्हणूनच तो वरातीत पोहोचला आणि पुढे अमिताभ बच्चन यांच्या नाचातही दिसला.

खरं नुकसान कोणतं?

गोरेगावच्या गोदामाला लागलेल्या आगीत त्यांचे बहुतेक जुने सिनेमे नष्ट झाले. त्या काळची फिल्म नायट्रेटची असे. तिच्यातच ऑक्सिजन असल्यानं ती एकदा पेटली की पाण्यानंही विझत नाही. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं ते १९६४ मध्ये. तोवर सिनेमा जपणं ही निर्मात्याची खासगी डोकेदुखी होती. फेअरबँक्स यांचा १९२० चा 'द मार्क ऑफ झोरो' आज फोनवर पाहता येतो. त्यांच्या वऱ्हाडी चाहत्याचे स्टंटपट मात्र शोधूनही सापडत नाहीत.

आता काय करता येईल?

२०१६ मध्ये 'एक अलबेला' हा चरित्रपट आला. आदरांजली म्हणून तो ठीक, पण त्यानं मूळ काम परत येत नाही. पोस्टर, हँडबिलं, गाण्यांच्या पुस्तिका अजून शोधता येतील. अमरावती-अकोल्यातल्या जुन्या टॉकीजच्या खोल्यांत किंवा घरातल्या ट्रंकेत असं काही निघालं, तर रद्दीत घालण्याआधी फोटो काढा आणि पुण्याच्या संग्रहालयाला कळवा. अमरावतीच्या महाविद्यालयांनीही हे काम विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून द्यावं. जन्मगावात पुतळा किंवा चौकाला नाव देण्यापेक्षा यात खर्च कमी आहे, आणि दिग्दर्शक भगवानदादा यातूनच पुन्हा सापडू शकतात.